ऑफिस सुटलं की सरळ घरी जाता का?

बाकीचं_उद्या

मंडळी, प्रश्न साधा आहे. ऑफिस सुटल्यावर तुम्ही सरळ घरी जाता का?

मी नाही जात. ऑफिस सिव्हिल लाईन्समध्ये, घर त्रिमूर्तीनगरला. सिग्नल नाही लागले तर वीस मिनिटं, लागले तर पंचवीस. आणि माझी अडचण तिथेच आहे. नागपुरात घर फार लवकर येतं. साहेबानं सहा वाजता टेबलावर आणून टाकलेली फाइल डोक्यात उघडीच असते. तेव्हा काय बोलायला हवं होतं ते रविनगर चौकात सुचतं, शंकरनगरला त्याहून झकास काहीतरी सुचतं, आणि ते वाक्य पुरं होईस्तोवर मी घराच्या फाटकाशी. दार उघडल्या उघडल्या पोरगा म्हणतो, "बाबा, भूमितीचं पाहून देता का?" आणि साहेबासाठी तयार केलेलं उत्तर त्या पोराला मिळतं.

म्हणून मी अंबाझरीच्या रस्त्याला गाडी स्टँडवर लावतो. एक चहा घेतो. फोन खिशात. ओळखीचं कुणी दिसलं तर मान हलवतो, बोलत नाही. अर्धा तास होतो, कधी पाऊण. मग निघतो.

परवा घरून विचारणा झाली की पेट्रोल तेवढंच जळतं, मग वेळ जास्त कसा लागतो? मी म्हटलं, ट्रॅफिक. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. तीही इथलीच आहे.

मुंबईच्या मावसभावाला लोकलमध्ये सव्वा तास मिळतो. तो रेल्वेला शिव्या घालतो, पण उतरेपर्यंत त्याचं ऑफिस मधल्या कुठल्यातरी स्टेशनावर राहून गेलेलं असतं. आपल्याला तो वेळ कुणी देत नाही. मग आपला आपण घेतला तर बिघडलं कुठे? की ही घरच्यांच्या वेळेतली चोरी झाली? तुम्ही काय करता ते सांगा.

तर्रीबाज

मी सरळच जातो. गाडी वळते, त्याला मी काय करणार?

झिरो_माईल

मी पयला! ... हात्तिच्या, दुसरा.

मिहानवाली

धागा वाचून आधी राग आला, मग हसू आलं, मग परत राग आला.

बाकीचं_उद्या, तुम्हाला तो अर्धा तास मिळतो कारण त्या वेळात घरी कुणीतरी कणीक भिजवत असतं. नोकरी मीही करते. सुटले की माझ्या डोक्यात फाइल नसते, फ्रीज असतो. पालक आज संपवायला हवा, मुलीचं उद्याचं डब्याचं काय, सासऱ्यांच्या गोळ्या संपत आल्या. मी टपरीवर एकटी अर्धा तास उभी राहिले तर दुसऱ्या दिवशी सोसायटीत प्रेमानं विचारतील, "घरी सगळं ठीक आहे ना गं?"

माझा वेळ मी मेट्रोत काढते. खापरीला बसते, बर्डीला बदलते, तिथून लोकमान्यनगरच्या गाडीत. स्वतःची गाडी नेली तर लवकर पोचते हे घरी सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून मी पेट्रोलचे भाव सांगते. खरं कारण असं की मेट्रोत मला कुणी उठवू शकत नाही. "आई, माझा मोजा कुठे आहे" असं तिथे कुणी विचारत नाही. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो आहे ना, तिथे मी खिडकीतून खालच्या गाड्या पाहते. त्यातल्या एकीत आमचा टीम लीड अडकलेला असावा अशी इच्छा करते. छान वाटतं.

बाकीचं_उद्या

ताई, मुद्दा मान्य. भूमिती मात्र माझ्याकडेच असते हो. उशिरा असते एवढंच.

मिहानवाली

आणि कणीक?

तर्रीबाज

पॉपकॉर्न घेऊन बसलो.

घाऊक_किराणा

आमचं तर घरच दुकानाच्या डोक्यावर आहे राजेहो. इतवारीत. शटर ओढलं, जिना चढला, झालं. तुम्ही वीस मिनिटांची तक्रार करून राहिले, मले वीस सेकंद भेटत नाही. अर्ध्या जिन्यात असतो तं खालून हमाल आवाज देते, "शेठ, गाडी आली." वरून आई आवाज देते, "गॅसवाला येऊन गेला." मी मधात.

म्हणून आमच्या वडिलांनी एक रीत पाडली होती, तीच मी चालवतो. शटर बंद केलं की जिन्याकडे वळाचंच नाही. उलट्या बाजूनं निघाचं, गल्लीतून गांधीबागेकडून वळसा घ्याचा अन् परत आपल्याच दारात याचं. वडील म्हणायचे, वसुलीवाला खाली सोडून ये, वर पोरांचा बाप पायजे. खरी गोष्ट आहे. दिवसभर उधारीवाल्यांशी बोलून जो माणूस सरळ वर चढते, त्याच्या तोंडून ताटावर बसल्यावरही "कधी देता?" असंच निघते. आमच्या घरच्यांनी हे एकदा ऐकलं, तवापासून त्याच म्हणतात, "जा, गांधीबाग पाहून या."

मारबतीच्या दिवशी मात्र वळसा जमत नाही. गर्दी इतकी का बाप्पा, जिथं उभे आहा तिथंच उभे रा.

झिरो_माईल

मारबतीचं नाव काढलंत म्हणून अवांतर. बाहेरगावच्या सदस्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी अशा दोन मारबती निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी ज्याचा ज्याचा राग आला त्याचा पुतळा. महागाई, खड्डे, पुढारी, कुणीही. आणि सगळा रस्ता ओरडतो, "ईडा पीडा घेऊन जाऽऽ गे मारबत!"

बाकीचं_उद्या, यंदा एक बडग्या तुमच्याकडून होऊन जाऊ द्या. हातात फाइल, गळ्यात घड्याळ, घड्याळात सहा वाजलेले.

तर्रीबाज

सहाची फाइल घेऊन जाऽऽ गे मारबत!

घाऊक_किराणा

कागद-बांबू माझ्याकडून.

रात्रपाळी

माझं ऑफिस सकाळी सुटतं. नर्स आहे. मेडिकल चौकाच्या बाजूला, रुग्णालयाचं नाव नको.

वॉर्डात रात्र वाईट गेली की सकाळी कुणाशी बोलावंसं वाटत नाही. चार्ज देते, कपडे बदलते आणि चौकातल्या ठेल्यावर जाते. तर्री पोहे. ठेलेवाल्याला सांगावं लागत नाही, तर्री झणझणीत, चणे जास्त, वर कच्चा कांदा. उभ्यानं खाते. डोळ्यानाकातून पाणी आलं तर ते तर्रीचं, अशी सोय असते.

मग घरी जाते तर सासूबाईंनी गरम उपमा करून ठेवलेला. "रात्रभर उपाशी राबतेस," म्हणतात. त्यांना काय सांगू? बसते आणि तोही खाते. वजन वाढतंय ते ड्युटीच्या वेळांमुळे, असं मी सगळ्यांना सांगितलंय. ते थोडंफार खरंही आहे.

मिहानवाली

रात्रपाळी, "अशी सोय असते" पाशी थांबले जरा.

सासूबाईंना मात्र सांगून टाका. कोण जाणे, त्यांनाही पहाटे उठून उपमा करायचा कंटाळा आला असेल आणि त्या तुमच्यासाठी उठत असतील.

रात्रपाळी

अगं हे कधी डोक्यातच आलं नाही. विचारते.

हिंगणा_टी_पॉइंट

वीस मिनिटांचं नागपूर हे तुमचं धरमपेठ-सिव्हिल लाईनचं नागपूर झालं भाऊ. मी रायतो दिघोरीले, कारखाना हिंगण्याच्या एमआयडीसीत. शहराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. रिंगरोडनं ट्रकांच्या मागंमागं, धूळ खात. पाऊण तास कधीच नाही लागत, एक तास धरून चाला. मले चहाले थांबाचं सुचतच नाही, थांबलो तं उठणार नाही.

आमच्या घरचा एक नियम आहे. मी आलो की आधी आंघोळ. तोवर कोणी काही बोलाचं नाही, ना लाइट बिल, ना शाळेची फी, ना कोणाचा फोन आला ते. पोट्टेही गप बसते. पाणी अंगावर घेतो, मशीनचा आवाज कानातून जाते, मग बाहेर येऊन विचारतो, "बोला, काय म्हणता?" माझं अंबाझरी बाथरूमात आहे.

बाकीचं_उद्या

हिंगणा भाऊ, हे बेस्ट आहे. घरच्यांना माहीत असलेला थांबा. माझा गुपचूप आहे, म्हणून कदाचित बोचतो.

पुण्यात_अडकलो

हिंजवडीहून कोथरूडला जाणाऱ्या माणसासमोर वीस मिनिटांचं दुःख सांगू नका. मूळचा प्रतापनगरचा आहे, त्यामुळे दोन्हीकडचं बोलायचा अधिकार आहे.

मोठा प्रवास असला की ऑफिस डोक्यातून उतरतं, हा धाग्यातला मुद्दा मला साफ चुकीचा वाटतो. क्लचवर पाय ठेवून तासभर बसलो की ऑफिसचा राग पुढच्या टेम्पोवर निघतो, टेम्पोचा राग सिग्नलवर, आणि शिल्लक राहिलेला सगळा घरी येतो. व्याजासकट. तुमच्या मावसभावालाही नीट विचारा. लोकलमध्ये बसायला मिळालं तर झोप मिळते, नाही मिळालं तर दुसऱ्याचं कोपर मिळतं. विचार करायला वेळ मिळतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? गाडी बंद करून, पाय जमिनीला टेकवून उभं राहणं ही गोष्टच निराळी आहे. ती तुम्हाला परवडते कारण तुमचं घर जवळ आहे. सव्वा तास गाडी चालवून आलेला माणूस वर अर्धा तास थांबेल का?

तर्रीबाज

पुण्यात राहून तक्रार नागपूरच्या धाग्यावर. परत या भाऊ. तोवर संत्री पाठवू का?

पुण्यात_अडकलो

पाठवा. अंबिया बहाराची नकोत, फेब्रुवारीत मृग बहाराची पाठवा. बायको इथलीच आहे, तिला फरक दाखवायचा आहे.

खसची_ताटी

एप्रिल ते जून मी सरळ घरी जातो. कारण एकच, कूलरची टाकी. सकाळी काठोकाठ भरली तरी संध्याकाळी तळ दिसतो. आई घरी एकटी असते, तिला बादल्या उचलवत नाहीत, आणि टाकी कोरडी पडून पंप तसाच चालू राहिला की जळतो. त्यामुळे सहाला निघालो की नजर घड्याळावर. मेमध्ये संध्याकाळी अंबाझरीला चहा पीत उभा असलेला माणूस दिसला की मला त्याची काळजी वाटते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस चालू आहेत, डांबर अजून पोळतंय, आणि हा गरम चहा घेऊन उभा. ऑफिस किती वाईट असेल त्याचं!

झिरो_माईल

२०२४ च्या मे अखेरीस एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दाखवले होते, आठवतं का? नंतर यंत्राचाच दोष निघाला. पण तोवर आमच्या ऑफिसातल्या एकानं तो आकडा दाखवून रजा मंजूर करून घेतली होती. दुरुस्तीची बातमी त्यानं वाचली नाही म्हणे.

पुण्यात_अडकलो

मी इथे कूलर आणला होता, आईच्या आग्रहाखातर. जुलैत गादीच ओलसर लागायला लागली.

खसची_ताटी

लागणारच. कूलर हे कोरड्या हवेचं यंत्र आहे. ताटीतलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते. हवाच दमट असली की पाणी उडत नाही, नुसता ओलावा आत येतो. इथेसुद्धा मृगाचा पाऊस लागला की पंप बंद करून फक्त पंखा चालवतात. आणि समोरची खिडकी उघडी ठेवायची, आत आलेल्या हवेला जायला वाट हवी. दारं-खिडक्या लावून कूलर लावणारे लोक पाहिले की...

संपादक

कूलरचा धागा वेगळा आहे. ताटी खसची की लाकडी गवताची, यावरून तिथे अजून भांडण चालू आहे. कृपया तिथे जाऊन भांडावे.

दाढदुखी

दातांचा डॉक्टर आहे, म्हणून एवढंच. "ऑफिस सुटल्यावर दहा मिनिटं पानठेल्यावर" ही माझ्या खुर्चीत बसणाऱ्या अनेकांची सुरुवात असते. चहा प्या, गप्पा मारा, माझी हरकत नाही. पण ठेल्याशी उभं राहिलं की शेजारी कुणीतरी पन्नीत खर्रा घोटत असतं, आणि "घे ना थोडा" म्हणायला आपले लोक फार प्रेमळ. सुपारी, तंबाखू, चुना. आधी तिखट झोंबायला लागतं. सावजीवर पोसलेला माणूस वरण-भातावर येतो आणि घरच्यांना वाटतं, पित्त झालं. मग हळूहळू तोंड पुरतं उघडेनासं होतं. तोवर बहुतेक जण येतच नाहीत.

आत्ता करून पाहा: तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का? नसतील जात तर धागा राहू द्या, आधी दाखवून या. थट्टा नाही.

तर्रीबाज

गेली. पण बायकोनं पाहिलं आणि विचारलं काय झालं. आता तिलाही धागा वाचायला दिलाय. वरचे माझे प्रतिसाद उडवता येतील का, संपादक?

संपादक

नाही.

लॉगआउट

मी घरून काम करतो. लॅपटॉप मिटला की माझा प्रवास बेडरूम ते हॉल. म्हणजे नागपूरच्या मानानंही जवळच. सुरुवातीला फार वाईट व्हायचं, मीटिंगमधला चेहरा घेऊनच मी बाहेर यायचो आणि मुलगी आईच्या मागे जायची.

आता काम संपलं की बूट घालतो. मोजे सुद्धा. बाहेर पडतो, कॉलनीला चक्कर मारतो आणि परत येऊन बेल वाजवतो. मुलगी आतून कडी लावून तयार असते.

"कोण आहे?"
"बाबा."
"ऑफिसातून आले का?"
"हो."
"काय आणलं?"

इथे पंचाईत. रिकाम्या हातानं दार उघडत नाही. मग चौकातून पेरू, नाही तर चिक्की, नाही तर नुसती पानं तोडून आणायची. पानंही चालतात तिला, पण लाल हवीत.

शेजारच्या काकूंची समजूत अशी आहे की माझी नोकरी गेली आहे आणि मी लोकांना दाखवायला रोज बूट घालतो. परवा त्यांनी बायकोला बाजूला घेऊन पाटवडीचा डबा दिला आणि म्हणाल्या, "लागलं तर सांगत जा हो." डबा खाऊन झाला, त्यामुळे आता खरं सांगायची हिंमत नाही.

मिहानवाली

हसून हसून पुरेवाट. काकूंचा पत्ता द्या.

सेमिनरी_हिल्स

निवृत्त माणूस आहे, धागा आवडीनं वाचतो आहे.

आमच्या काळात सायकली. कार्यालय सुटलं की सायकलींचा घोळका निघे. महालवाले एका बाजूला, धरमपेठवाले दुसऱ्या. दोन-दोन, तीन-तीन शेजारी शेजारी चालवायच्या आणि साहेबाची यथेच्छ निंदा करायची. चढ आला की उतरायचं, सायकल हातात धरून उरलेली निंदा. एकेक जण आपापल्या गल्लीला वळे तोवर विषय संपलेला असे, आणि घरी माणूस हलका जाई. पुढे स्कूटर आली. स्कूटरवर काय बोलणार? वेळ वाचला खरा, पण निंदा आतच राहू लागली. माझ्या रक्तदाबाची सुरुवात स्कूटर घेतल्यानंतरची आहे. डॉक्टरांना हे पटत नाही.

बाकीचं_उद्या, मला वाटतं तुम्हाला वेळ कमी पडत नाही, निंदेला जोडीदार कमी पडतो. एकटे उभे राहू नका. ऑफिसातला एखादा समदुःखी बघा आणि त्याला घेऊन थांबा.

माझं आता उलटं झालं आहे, घरून निघायलाच निमित्त लागतं. सकाळी गोकुळपेठेच्या बाजारात जाऊन सांबार (म्हणजे आपली कोथिंबीर), मेथी, वांगी आणतो. लिंबू मुद्दाम विसरतो, म्हणजे संध्याकाळी परत जाता येतं. ही युक्ती बरेच दिवस चालली. परवा सकाळी हिनं पिशवी हातात दिली आणि म्हणाली, "लिंबू आठवणीनं विसरा."

घाऊक_किराणा

काका, दंडवत. अन् काकूले डबल दंडवत.

बाकीचं_उद्या

काका, सायकलींचं वाचून मजा आली, पण सल्ला नाही पटला. दिवसभर समोर माणसंच असतात. समदुःखी सोबत आला तर तो साहेबाबद्दलच बोलणार, म्हणजे ऑफिस सुटलंच नाही. मला अर्धा तास कुणाचंच काही ऐकायचं नसतं. रात्रपाळी ताईंसारखं.

सेमिनरी_हिल्स

असेल बुवा. आमच्याकडे एकट्यानं उभ्या असलेल्या माणसाला लोक विचारत, "कोणाची वाट पाहून राहिले?" आता विचारत नाहीत, हा तुमचा फायदा.

बर्डीकर

धागाकर्त्यांनी फक्त डिसेंबरची वाट पाहावी. हिवाळी अधिवेशन लागलं की मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला मोर्चे, बर्डीतले रस्ते कधी कुठून वळवतील भरवसा नाही, आणि तुमच्या सिव्हिल लाईन्समध्ये तर दर झाडाखाली पोलीस. वीस मिनिटांचा तास होतो. हे अधिवेशन ज्या करारातून आलं, त्या १९५३ च्या नागपूर करारानं विदर्भाला काय मिळालं यावर मंडळी अजून भांडतात. तुम्हाला मात्र दरवर्षी ट्रॅफिकचं खरंखुरं कारण मिळतं, तेही सरकारी.

तर्रीबाज

वेगळ्या विदर्भावर जायच्या आत कुणीतरी धागा वळवा रे.

काटोल_रोड

वळवते.

सगळे प्रतिसाद वाचले. मी पलीकडच्या बाजूची, म्हणजे थांबणाऱ्याच्या घरची. माझा नवरा सातला सुटतो आणि आठला येतो. अंतर पंधरा मिनिटांचं आहे हे मला कळतं. कुठे थांबतो ते मी कधी विचारलं नाही, कारण मला तो आठलाच हवा आहे.

मी शाळेत शिकवते. पाचला घरी येते. मुलं साडेसहाला क्लासला जातात. सात ते आठ घरात मी एकटी. आणि मिहानवाली, मी त्या वेळात कणीक अजिबात भिजवत नाही. कच्चा चिवडा करते. मुरमुरे, बारीक कांदा, भरपूर सांबार, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल. वाटी घेऊन बाल्कनीत बसते, वह्या तपासायच्या असल्या तरी तपासत नाही. आठच्या सुमारास खाली गाडीचा आवाज आला की वाटी धुऊन टाकते.

मध्यंतरी त्याचं काम लवकर आटपायला लागलं आणि तो सव्वासातला घरी यायला लागला. पहिल्याच दिवशी बिचारा गजरा घेऊन आला. माझा चेहरा पाहून म्हणाला, "बरं नाही का वाटत?" काय सांगणार? म्हटलं, डोकं दुखतंय. मग त्यानं प्रेमानं स्वयंपाकघरात जाऊन चहा केला, आणि दूध उतू घालवलं.

तेव्हा चोरी-बिरी काही नाही हो. तुमच्या घरी एकदा विचारून तर पाहा, त्यांना तुम्ही लवकर हवे आहात का ते.

मिहानवाली

काटोल रोड, माझा सगळा राग गेला. चिवड्यात शेंगदाणे?

काटोल_रोड

भाजलेले. आणि कैरीच्या दिवसांत कैरीचा कीस.

हिंगणा_टी_पॉइंट

मॅडम, हे वाचून आमच्या घरचे हसून राहिले अन् सांगत काहीच नाहीत. मले आता संशय येऊन राहिला. मी तासाभराऐवजी पाऊण तासात आलो तं काय होते ते एकदा पाहाच लागते.

तर्रीबाज

नका पाहू भाऊ.

रात्रपाळी

विचारलं सासूबाईंना. पोह्यांचं सगळं सांगितलं. आधी काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "उपमा मलाही आवडत नाही गं, तुला आवडतो म्हणून करते." मला उपमा आवडतो हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. आता येताना त्यांच्यासाठी पोहे बांधून आणते, तर्री वेगळ्या पन्नीत. पण त्यांनी एक अट घातली आहे: तू तुझं तिथेच खाऊन ये, मला सकाळी पेपर वाचताना कुणी समोर लागत नाही.

लॉगआउट

ह्या शहरात प्रत्येक जण दुसऱ्याच्या उशिरा येण्याची वाट पाहत बसलाय असं दिसतं.

बाकीचं_उद्या

सगळ्यांचे आभार. काटोल रोड यांच्या प्रतिसादानंतर घरी सांगून टाकलं. अंबाझरीच्या रस्त्याला थांबतो, चहा घेतो, आणखी काही नाही. वाटलं होतं, एक तर रडारड नाही तर भांडण. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिकडून येताच आहात रोज, तर दही आणत जा ना. आपल्या चौकातलं आंबट असतं."

आता खिशात यादी असते. दही, सांबाराची जुडी, पोराला भूमितीची वही. काल त्यात तिच्या आईच्या चष्म्याची दुरुस्तीही होती, आणि ते दुकान अंबाझरीच्या साफ उलट्या दिशेला आहे.

तर्रीबाज

म्हणून सांगायचं नसतं.

सेमिनरी_हिल्स

काळजी करू नका. यादीतलं एक रोज विसरत जा.

नवा_सदस्य

धागा आत्ताच पाहिला. छान चर्चा. एक शंका, कच्च्या चिवड्याला मुरमुरेच का? आमच्याकडे महालात पातळ पोह्यांचा करतात.

काटोल_रोड

पोह्यांचा लगेच मऊ पडतो. तासभर पुरला पाहिजे ना!

घाऊक_किराणा

मुरमुरे पायजे तं इतवारीत या. शटर बंद व्हाच्या आत.